एक स्वार, तीन घोडे आणि धरायला मी

घोडेस्वारीतल्या इव्हेंटिंग या खेळाच्या निकालपत्रकात एकच नाव चौथ्या ओळीत दिसतं आणि तेच पुन्हा अकराव्या ओळीत. शेजारच्या रकान्यात घोडा तेवढा वेगळा. म्हणजे मुलीने स्वतःलाच सात जागांनी मागे टाकलेलं असतं, आणि पेढे वाटायचे की नाही हे तिच्या आईला ठरवता येत नाही. ती आई मी. नाशिकच्या एका शाळेत गणित शिकवते. अजून कधी घोड्यावर बसलेली नाही, बसायचा विचारही नाही. माझं काम धरण्याचं. मुक्ता एका घोड्यावर मैदानात असते तेव्हा दुसऱ्याची मोरकी माझ्या हातात असते आणि तिसरा ट्रकच्या सावलीत, घोडे सांभाळणाऱ्या एकनाथमामांपाशी.

"एक घोडा पुरत नाही का हो तिला?" हे मला भाजी घेतानाही विचारतात. नणंदबाई तर सरळ म्हणतात, एक ना धड भाराभर चिंध्या. त्यांना तरी काय बोलणार? एका घोड्याची चंदी-वैरण, दर पाच-सहा आठवड्यांनी नालबंद, मध्येच कधी रात्री पोटशूळ उठला तर डॉक्टरांची वाट बघत कंदील घेऊन फेऱ्या मारणं, एवढ्यात एक घर पुरतं थकतं. तिथे तीन म्हणजे हौसेला मोल नाही म्हणायचं आणि गप्प बसायचं.

पण इतकी वर्षं कुंपणाशी उभी राहून माझं मत वेगळं झालंय. या खेळात स्वाराला पहिल्या घोड्यावर घोडा कळतो. स्वतःबद्दल काही कळायचं असेल तर दुसऱ्यावर बसावं लागतं.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लष्करात कामाला घ्यायचा घोडा सर्वांगाने तयार आहे का, याची ही मूळची परीक्षा. १९१२ साली स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये ती आली तेव्हा त्यात लष्करी अधिकारीच उतरत. एका बाईला त्यात उतरायला १९६४ उजाडलं. टोकियोत अमेरिकेची लॅना ड्यू पाँट उतरली. परीक्षेचे तीन पेपर. पहिला ड्रेसाज : मोठ्या स्पर्धेत वीस बाय साठ मीटरच्या चौकटीत घोड्याने शांतपणे, आखून दिलेल्या चाली करून दाखवायच्या. दुसरा क्रॉस कंट्री : उघड्या रानात ओंडके, चर, पाणी, उतार, आणि पाडले तरी न पडणारे अडथळे. तिसरा शो जंपिंग : इथे मात्र दांडी नुसती खुराला लागली तरी खाली येते. तिन्ही पेपर त्याच जोडीने द्यायचे. ड्रेसाजला शहाणा घोडा आणि रानात धाडसी घोडा, अशी वाटणी चालत नाही.

यात गुण वाढत नाहीत, दंड वाढतो, आणि ज्याचा दंड कमी तो पुढे. ड्रेसाजमध्ये ६८ टक्के मिळाले तर शंभरातून वजा करून ३२ दंड नावावर चढतो. रानात घोडा अडला की वीस, त्याच अडथळ्यावर पुन्हा अडला की आणखी चाळीस, तिसऱ्यांदा अडला की घरी. ठरलेल्या वेळेपेक्षा प्रत्येक सेकंद उशिराला ०.४. दांडी पडली की चार. माझ्या वर्गातल्या मुलांना ऋण संख्या शिकवताना मी हेच उदाहरण देते, आणि त्या तासाला मागच्या बाकावरही कोणी झोपत नाही.

तर आमचे तीन. जिवा हा रेसकोर्सवरून निवृत्त झालेला थरोब्रेड, लांब ढांगेचा आणि पातळ कातडीचा. आपल्याकडच्या क्लबांतले बरेच घोडे असेच येतात. शर्यतीत कमावणं थांबलं की मालकाला नकोसे होतात आणि स्वस्तात मिळतात. हा एवढाच आमचा स्वतःचा. मैना मारवाडी घोडी, दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागाईतदार काकांची. त्यांनी ती सारंगखेड्याच्या यात्रेतून हौसेने आणली, लग्नात नाचवण्यापेक्षा काही बरं करावं म्हणून मुक्ताकडे दिली. तिसरा बादशहा, पुण्याच्या एका डॉक्टरांचा, वयाने लहान आणि अजून कशाचीच सवय न लागलेला.

मराठ्यांच्या फौजेत स्वतःचा घोडा घेऊन येणारा शिलेदार आणि सरकारी पागेतल्या घोड्यावर बसणारा बारगीर, हे आपण शाळेत शिकलोय. मुक्ता एका घोड्यापुरती शिलेदार, दोघांपुरती बारगीर. यातलं बारगीरपण अवघड. जिवाचं काही बिनसलं तर आम्ही घरात भांडून मोकळे होतो. मैनाच्या पायाला साधं खरचटलं तरी रात्री साडेनऊला काकांना फोन करावा लागतो, आणि काय झालं ते सांगण्याआधी बागेची चौकशी करावी लागते.

बागेवरून आठवलं. आमच्या भागात या खेळाला खरी आडवी येते ती जमीन. गिरणाऱ्याच्या अलीकडे आमची पागा आहे. आजूबाजूला सगळी काळी माती. पावसाळ्यात ती खुराला किलो-किलोने चिकटते, नाल ओढून काढते. एप्रिल-मेमध्ये तिला अशा भेगा पडतात की घोड्याचा पाय जायला एक पुरे. मुरमाचं टेकाड बारमाही चालतं, पण त्यावर रोज पळवलं तर पायांचं काही खरं नाही. पाऊस संपून रानाला वाफसा आला, सोयाबीन निघालं आणि गहू पेरायचाय, त्या मधल्या दिवसांत नाशिकची जमीन गॅलपसाठी जगातल्या कुठल्याही मैदानाच्या तोंडात मारेल अशी असते. नेमकी तेव्हाच द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी सुरू असते. रान मोकळं, घोडे तयार, आणि काका माणसं मिळत नाहीत म्हणून कावलेले. त्या दिवसांत मैनाचा विषय त्यांच्यापाशी काढायचा नाही, हा आमच्याकडचा अलिखित नियम आहे.

स्पर्धेत मला सगळ्यात आवडतो तो आदल्या दिवशीचा कोर्स वॉक. स्वार पायी सगळा मार्ग बघून घेतात. लाल झेंडी उजवीकडे, पांढरी डावीकडे, त्यांच्यामधून जायचं. मुक्ता तीन फुटांचं एक पाऊल टाकते, अशा चार पावलांची घोड्याची एक ढांग. दोन अडथळ्यांमध्ये समजा साठ फूट आहेत. उतरायला सहा आणि झेप घ्यायला सहा सोडले की अठ्ठेचाळीस उरतात, म्हणजे बारा फुटांच्या चार ढांगा. जिवाचं गणित इथे संपतं. मैनाची ढांग दहा फुटांची. तिला चारमध्ये ताणलं तर ती लांबून उडी घेईल, म्हणून तिच्या थोड्या आखडत्या पाच. बादशहाच्या कधी चार होतात कधी पाच, त्याला अजून स्वतःलाच माहीत नाही. मग त्याला सरळ वाटेने न्यायचंच नाही, वळसा घालून शेजारचा सोपा अडथळा घ्यायचा. आयोजक अशी पर्यायी वाट ठेवतात. सेकंद जातात, पण घोड्याच्या मनात धाक बसत नाही.

एकच मार्ग ती तीनदा चालते. पहिल्यांदा जिवा म्हणून, मग मैना म्हणून, मग बादशहा म्हणून. तिच्या चालण्यातही फरक पडतो. मैनाच्या फेरीला ती पाण्याच्या अडथळ्याशी थांबून उन्हाची तिरीप कुठे पडते ते बघते, कारण मैना पाण्याला नाही, पाण्यातल्या चमकीला बुजते. मी मागून वही घेऊन चालते. घोड्यामागे एक पान. पानं अदलाबदल झाली तर अनर्थ, म्हणून वहीला तीन रंगांच्या खुणा.

प्रत्यक्ष दिवशी आयोजक एका स्वाराच्या घोड्यांमध्ये अंतर ठेवून क्रम लावतात. ते कागदावर भरपूर वाटतं. जिवा रानातून परत येतो तेव्हा त्याच्या नाकपुड्या आतून लाल झालेल्या असतात, तंगाखाली पांढरा फेस असतो, मानेवरच्या शिरा बोटाएवढ्या टरारलेल्या. मुक्ता उतरते, तंग सैल करते, हातातलं घड्याळ शून्यावर आणते, एवढ्यात एकनाथमामा मैनाला घेऊन हजर. तिला क्षणभरही थांबायला आवडत नाही. कमानदार कान आत वळवून, टोकाला टोक लावून ती उभी, म्हणजे निघायचं तर निघा. जिवाला आता मी घ्यायचं. जबड्याच्या खाली बोटं लावून नाडी मोजायची. आरामात असताना मिनिटाला तीस-चाळीसच्या आसपास असते, आत्ता किती ते बोटांना मोजताही येत नाही. अंगावर पाणी ओतायचं, पट्टीने ते निपटायचं, पुन्हा ओतायचं, चालवायचं. हे सगळं सुरू असतानाच मागून ध्वनिक्षेपकावर मुक्ताचं नाव, दुसऱ्या घोड्यासह. मी तिच्या कित्येक फेऱ्या फक्त ऐकलेल्या आहेत. अडथळा पाच, निर्दोष. अडथळा सहा, निर्दोष. आणि इकडे जिवा माझ्या खांद्याला तोंड पुसतोय.

मुक्ता सांगते, दुसऱ्या घोड्यावरची पहिली मिनिटं धोक्याची. अंगात अजून पहिलाच घोडा असतो. जिवाला लगाम थोडा जास्त लागतो, तोच हात मैनाला लावला तर ती मान वर करून जागच्या जागी नाचायला लागते. म्हणून वॉर्म-अपला मैनावर ती आधी काहीच करत नाही, नुसती कदम चालीने एक फेरी. जिवाला मात्र पाऊण तास संथ दुडकी लागते, त्याशिवाय त्याच्या डोक्यातली रेस उतरत नाही.

आता मूळ मुद्दा. जिवावर बसून उडी घेताना मुक्ता अडथळ्याच्या मधून न जाता डावीकडे सरकायची. आमचे गुरू निवृत्त रिसालदार, लष्करी घोडदळात हयात गेलेली. ते म्हणाले, रेसचा घोडा आहे, एका अंगाने पळायची सवय, जाईल हळूहळू. पटण्यासारखं होतं. पुढे मैना आली, तीही डावीकडे. तेव्हा म्हणालो, कुंपण डावीकडे आहे, माणसं तिकडे उभी राहतात, घोडी कान टवकारून तिकडेच बघते. हेही पटण्यासारखं होतं. मग बादशहा आला. ना त्याला रेस ठाऊक, ना यात्रा. एका संध्याकाळी रिसालदारसाहेबांनी अडथळ्यापलीकडची वाळू दंताळ्याने सारखी करून घेतली आणि तिघांनाही एकेकदा उडवलं. मग आम्हाला बोलावून वाळू दाखवली. तीन घोड्यांचे खूर, तीन मापांचे, आणि तिन्ही मधल्या रेषेच्या हातभर डावीकडे. साहेब काहीच बोलले नाहीत. मुक्ता वाळूकडे बघून म्हणाली, "म्हणजे हे माझं आहे."

अ, ब आणि क, तिन्ही तुकड्यांनी एकाच उदाहरणात हातचा विसरला तर मास्तरांनी फळ्याकडे जाऊन आपलं शिकवणं तपासावं, हे मला वीस वर्षांच्या नोकरीत समजलंय. एकच तुकडी असती तर मी पोरांना दटावून मोकळी झाले असते. एकच घोडा असता तर मुक्ताचा डावा खांदा आयुष्यभर जिवाच्या खात्यावर जमा झाला असता.

उडीच्या क्षणी ती डावीकडे खाली बघते आणि खांदा पडतो, हे कळल्यावर उपाय साधा निघाला. साहेब अडथळ्यापलीकडे उजव्या बाजूला उभे राहून बोटं दाखवतात, आणि हवेत असतानाच तिने किती बोटं ते ओरडून सांगायचं. "दोन!" "चार!" गिरणाऱ्याच्या रस्त्याने जाणाऱ्यांना तिथे कसला लिलाव चाललाय असं वाटत असणार. दोष पुरता गेला म्हणत नाही. दमली की खांदा पुन्हा पडतो.

याची दुसरी बाजूही आहे, आणि तिन्ही घोडे ती मला रोज सांगतात. घोड्याला स्वाराचा अख्खा दिवस मिळत नाही. खरारा, चंदी, पाय चेपणं हे एकनाथमामाच करतात, त्यामुळे मैना मुक्ताला ओळखते पण खिंकाळते ती मामांना बघून. मी मुक्ताला हे बोलून दाखवलं तेव्हा तिला राग आला. पण दुसऱ्या दिवसापासून चंदीचा तोबरा मैनाला ती स्वतः बांधू लागली, हेही नमूद करते.

मोठ्या नावांकडे पाहिलं तर अनेक घोडे ही काही चैन दिसत नाही, तिथे ते रोजचंच आहे. इंग्लंडची लुसिंडा ग्रीन १९७३ ते १९८४ या काळात तिकडच्या बॅडमिंटन या गावी भरणारी इव्हेंटिंगची स्पर्धा सहा वेळा जिंकली, सहा वेगवेगळ्या घोड्यांवर. मला हा विक्रम कुठल्याही पदकापेक्षा मोठा वाटतो, कारण सहा स्वभाव तिने आपलेसे केले. त्यातला १९७६चा वाइडअवेक जिंकल्यावर मैदानाची मानाची फेरी मारताना कोसळला आणि गेला. पुढच्या वर्षी ती दुसरा घोडा घेऊन आली आणि पुन्हा जिंकली. हे धैर्य की आणखी काही, मला अजून ठरवता आलेलं नाही. १९८८ला त्याच बॅडमिंटनमध्ये स्कॉटलंडचा इयन स्टार्क सर वॅटीवर पहिला आला आणि ग्लेनबर्नीवर दुसरा. त्याच्या आईने पेढे कसे वाटले असतील?

आपल्याकडचं उदाहरण फौआद मिर्झाचं. १९८२च्या दिल्ली एशियाडमध्ये रघुबीर सिंग यांनी इव्हेंटिंगचं सुवर्ण मिळवलं, त्यानंतर घोडेस्वारीत वैयक्तिक पदकासाठी भारताला २०१८पर्यंत थांबावं लागलं. जकार्तात फौआदने सेन्योर मेडिकॉटवर रौप्य मिळवलं. पुढे टोकियो ऑलिंपिकची पात्रता ठरवणारे ६४ गुण त्याने गोळा केले, पण दुसऱ्याच दोन घोड्यांवर : ३४ फर्नहिल फेसटाइमवर, ३० टचिंगवुडवर. स्पर्धेसाठी आधी नाव दिलं दजारा फोरचं, आणि शेवटी तो उतरला सेन्योर मेडिकॉटवरच. चार घोड्यांनी मिळून एका माणसाला ऑलिंपिकपर्यंत पोहोचवलं. तिथलं त्याचं गणित मला पाठ आहे. ड्रेसाज २८, रानात ११.२० म्हणजे अठ्ठावीस सेकंद उशीर, मग दोन दांड्यांचे आठ, ४७.२० वर तो अंतिम फेरीच्या पहिल्या पंचवीसांत गेला. अंतिम फेरीत १२.४० वाढले. एकूण ५९.६०, क्रमांक तेविसावा. माझ्या वर्गाने यावर टाळ्या वाजवल्या होत्या.

तो त्या काळात जर्मनीत राहून तयारी करत होता, आणि त्याचे घोडेही तिकडेच. इथला घोडा युरोपात नेणं ही फार अवघड गोष्ट, कारण मधे घोड्यांचे रोग आणि त्यांचे कायदे येतात. २०२५मध्ये मेरठच्या लष्करी पशुवैद्यकीय (आरव्हीसी) केंद्राला घोड्यांसाठी रोगमुक्त विभाग म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, तेव्हा आमच्या पागेतही चहा झाला. आम्हाला युरोपला जायचं नाही, पण ग्लँडर्सची भीती आम्हालाही आहे. या रोगाला औषधोपचार करून ठेवत नाहीत. निदान पक्कं झालं की घोडा मारावा लागतो, आणि त्या भागातल्या घोड्यांची ने-आण बंद. प्रत्येक स्पर्धेआधी रक्ततपासणीचे कागद येईपर्यंत एकनाथमामांना जेवण जात नाही. तीन घोडे म्हणजे तीन कागद.

आणि पडण्याची भीती. रानात स्वार पडला की त्या घोड्यापुरता खेळ संपला. दुसऱ्यावर बसायचं तर आधी डॉक्टरांनी तपासून सोडलं पाहिजे. मागच्या हिवाळ्यात मुक्ता बादशहावरून पाण्यात पडली. बादशहा एकटाच फिरून ट्रककडे आला, आणि मैना माझ्या हातात तयार उभी. डॉक्टरांच्या तंबूबाहेर तिला धरून उभं असताना मी मनातल्या मनात एकच म्हणत होते, नका सोडू. त्यांनी सोडलं. ती ओल्या विजारीने मैनावर बसली आणि जराही घाई न करता फेरी पुरी केली. वेळेचे दंड भरपूर लागले. पण पाण्याशी मैना थांबली नाही.

त्या दंडांवरून काकांशी वाजलं. त्यांना मैना या मोसमात वरच्या गटात हवी होती, आणि मुक्ता म्हणाली, अजून एक मोसम खालीच. "मग माझ्या घोडीचं नुकसान कशासाठी?" काका फोनवर म्हणाले. "काका, तिचं नुकसान नाही, तुमची हौस लांबते," ही म्हणाली. मी फोन हिसकावून घ्यायच्या आत तिकडून ठेवला गेला. ट्रकमध्ये या खेपेला दोनच घोड्यांची जागा आहे, त्यात मैना असेल की नाही हे तेव्हा कोणालाच सांगता येईना. तिसऱ्या दिवशी सकाळी काकांचा पिकअप फाटकातून आत आला. मागे हिरवीगार लसूणघास भरलेली. मी आधी वाकून घासाखाली बघितलं, घोडी बांधून न्यायचा दोर तर नाही ना.